नीळ्ळू म्हणजे निळं लुगडं नव्हे

मंगळवारची सकाळ. शेजारच्या गुणवंतरावांच्या अंगणात एवढी गर्दी, की माझ्या तोंडून सवयीनं निघालंच, "सरका, सरका, मागं जागा हाये!" अठ्ठावीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली, त्यातली वीस तेलंगणाच्या हद्दीवरच्या सिरोंचाच्या गाडीवर. गर्दी दिसली की माझा हात अजून घंटीची दोरी शोधतो.

कोणी सरकलं नाही. सगळ्यांची नजर मधल्या शेगडीवर आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. भक्तीचं नव्हे, मिरचीचं. शेगडीत मूठमूठ सुक्या मिरच्या जळत होत्या आणि शेजारी पाटावर धुरीबाबा बसले होते. बाबांच्या डोळ्यांत मात्र टिपूस नाही. कसं असेल? मोटारसायकलवाले घालतात तसला चारी बाजूंनी बंद गॉगल त्यांनी लावला होता. बाबांची नजर उघडी पडली तर समोरचा माणूस जळून जाते, असं त्यांचा चेला सांगत होता. मी माझ्या कुंपणापाशीच उभा होतो. असल्या तमाशात मी पाय ठेवत नाही. पाहायला मात्र जातो.

बाबांनी लिंबू हवेत धरलं, सुरीनं कापलं. आतून लालभडक रस गळला.

"रक्त!" चेला ओरडला.

"रक्त!" अंगण ओरडलं.

मग गुणवंतरावांच्या दिव्यानीला शेगडीसमोर बसवलं. एकोणीस वर्षांची पोर, चामोर्शीच्या कॉलेजात बी.ए.ला. माझ्याकडं पेपर वाचायला यायची आणि शब्दकोडं माझ्याआधी सोडवून ठेवायची, एवढाच काय तो तिचा त्रास. दोन बायांनी तिचं डोकं धुरावर वाकवलं. पोर खोकली, तडफडली, डोळे फिरवले आणि आडवी झाली. आणि मग तिच्या तोंडून बारीक, लहान लेकरासारखा आवाज निघाला. बाजूला डफडं वाजत होतं, शंभर माणसं खोकत होती, मला शब्द कळेनात. पण पुढच्या रांगेतली माणसं पटापट हात जोडायला लागली.

"तेलगू बोलून राह्यली वो! तेलगू!"

"गुणवंतराव," बाबांनी विचारलं, "ही कन्या कधी तेलगू शिकली आहे?"

मिलचे मालक गुणवंतराव, पांढरंशुभ्र धोतर, मान ताठ. म्हणाले, "नाई महाराज. मराठी शाळेत शिकली. आमच्या घरात तेलगूचं एक अक्षर कोणाले येत नाई."

"मग बोलतंय कोण?" बाबांनी हात वर केला. "सिरोंच्याकडची बाई आहे ही. बिनलग्नाची मेली. ऐका, काय म्हणते? निळू, निळू! निळं लुगडं मागते आहे!"

निळं लुगडं तयारच होतं, कारण मागच्या मंगळवारीही तिनं तेच मागितलं होतं. ते पोरीच्या अंगावर टाकलं. लोकांनी गजर केला. मी मोठ्यानं म्हटलं, "काही भूतगीत नाई, पोरगी नाटक करून राह्यली!"

माझी बायको सत्यशीला शेजारीच होती. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की फुकट्या प्रवाशाकडं मीही कधी पाहिलं नसेल.

हे सगळं सुरू झालं भाताच्या रोवणीपासून. दिव्यानीचा मोठा भाऊ प्रफुल्ल, त्याची बायको करिष्मा, त्यांना पाच महिन्यांचं लेकरू. रोवणीला सगळे बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, जायचे म्हणून लेकरू दिव्यानीच्या मांडीवर देऊन गेले. दुपारी करिष्मा दूध पाजायला परत आली, तर लेकरू चटईवर रडतंय आणि दिव्यानी बाजूला दातखीळ बसून पडलेली. तेव्हापासून लेकरू हातात दिलं की पोर कोसळायची. एका दवाखान्यात सलाईन लावली, दुसऱ्यात टॉनिक दिलं. मग कोणी तरी धुरीबाबांचं नाव सांगितलं. आणि धुरी दिल्याबरोबर ती तेलगू बोलायला लागली. एवढा चमत्कार पाहिल्यावर कोण कुणाचं ऐकतं?

गुणवंतराव अकरा-बारा वर्षांपूर्वी जिवतीच्या पहाडाकडून आमच्या गावात आले. मामाला मूलबाळ नव्हतं, त्याची शेती आणि तांदळाची मिल यांच्याकडं आली. माणूस कामाचा, पण आतल्या गाठीचा. दसऱ्याला अख्खं गाव आपट्याची पानं घेऊन दारोदार फिरतं, हा माणूस दार लावून आत बसतो. मी म्हणायचो, बुवा कंजूस आहे, सोनं म्हणून झाडाची पानं द्यायलाही याचा हात उचलत नाही. हेही माझं चुकलंच, पण ते पुढं.

गुरुवारी मी आंघोळ करत होतो. बाहेर सत्यशीला तांदूळ निवडता निवडता मोबाईलवर काही पाहत होती. प्रफुल्लनं जवळून काढलेला त्या मंगळवारचा व्हिडिओ गावभर फिरत होता. डफडं थांबल्यावरचा तो तुकडा होता. मी डोक्याला साबण लावलेला आणि पलीकडून तो बारीक आवाज आला,

"अक्का, नीळ्ळू इव्वू... नीळ्ळू..."

मी तसाच टॉवेल गुंडाळून बाहेर आलो.

"अवो, काय हे? साबण तं धुवा!"

"पुन्हा लाव. पुन्हा लाव म्हणतो ना!"

तिनं पुन्हा लावला. अहो, वीस वर्षं एप्रिल-मेच्या उन्हात सिरोंचाच्या गाडीत मी दुसरं ऐकलं काय? दर स्टॉपावर खिडकीतून हात बाहेर आणि तोंडात तेच, नीळ्ळू, नीळ्ळू. तेलगूत नीळ्ळू म्हणजे पाणी. इव्वू म्हणजे दे. पोर पाणी मागत होती आणि सगळ्या गावानं मिळून तिच्या अंगावर लुगडं टाकलं होतं!

मी हसायला लागलो. साबण डोळ्यांत गेला तरी हसत होतो. मग व्हिडिओ पुढं सरकला आणि माझं हसू तिथंच थांबलं.

"तम्मुडू लेवट्लेदू... अक्का, तम्मुडू लेवट्लेदू..."

"काय म्हणते?" सत्यशीलानं विचारलं.

"लहान भाऊ उठून नाई राह्यला, म्हणते."

"कोणाचा लहान भाऊ? तिले तं एक मोठा भाऊ हाये."

ते मलाही कळेना. पण एवढं कळलं, की हे नाटक नव्हे. नाटकात कोणी असल्या आवाजात पाणी मागत नाही. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. तसाच रागात मी गुणवंतरावांच्या घरी गेलो.

आशाबाई, म्हणजे दिव्यानीची आई, मागच्या अंगणात भांडी घासत होत्या. मी म्हटलं, "बाई, पोरगी तेलगू कुठी शिकली?"

"आमाले नाई येत तेलगू, भाऊ."

"ती पाणी मागून राह्यली बाई, लुगडं नाई. अन् तम्मुडू उठत नाई म्हणते. कोणता तम्मुडू?"

आशाबाईंच्या हातातली थाळी खाली पडली. त्या काही बोलणार, तेवढ्यात गुणवंतराव दारात.

"बापूरावभाऊ, आमच्या घरचं आमी पाहून घेऊ. तुमी तुमचं पाहा."

"गुणवंतराव, तो माणूस लबाड हाये. त्याले तेलगूचा ओ का ठो येत नाई."

"पुढच्या मंगळवारी महाराज तिले मठात नेऊन राह्यले. एकवीस मंगळवार ठेवतीन. साखळीनं बांधून ठेवा लागते म्हणते, पण बरी होते. तुमच्यापाशी हाये का दुसरा इलाज? असन तं सांगा."

दार बंद झालं. मला आयुष्यात एवढ्या लवकर कोणी गाडीतून उतरवलं नव्हतं. आणि हातात दिवस उरले होते पाच. जंगलाच्या कडेचा तो मठ, साखळी आणि रोजची मिरचीची धुरी. एकवीस मंगळवारांनी ती पोर जिवंत राहिली असती का, मला सांगता येत नाही.

सोमवारी तालुक्याला मानसिक आजाराच्या डॉक्टर येतात, डॉक्टर रोशनी. चंद्रपूरच्या, वयानं माझ्या पोरीएवढ्या. मी नंबर लावला, आत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी छाती फुगवून म्हटलं, "मॅडम, भूतबित काही नाई, हे मी पयल्या दिवशीच ओळखलं होतं. मले वाटलं पोरगी नाटक करते."

"भूत नाही, हे तुमचं बरोबर आहे काका," त्या म्हणाल्या. "पण भूत नाही म्हणजे नाटक आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी फुगवलेली छाती सोडली.

"बाबा म्हणतो भूत, तुम्ही म्हणता नाटक. दोघांनीही तिला काय होतंय ते विचारलं नाही." त्यांनी व्हिडिओ दोनदा ऐकला. "काही वेळा मनाला झेपणार नाही असं काही घडतं. त्यावर कोणी बोलत नाही, बोलू देत नाही. ते आत तसंच राहतं. मग एखाद्या वासानं, आवाजानं, हातात दिलेल्या लेकरानं ते वर येतं. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची नसतेच, त्या जुन्या दिवशी असते. मुद्दाम करत नाही. हा आजार आहे, आणि याला उपचार आहे. मिरगी, म्हणजे फेफरं तर नाही ना, तेही मी तपासीन. हिच्या घरचे कधी तेलंगणात राहिले होते का?"

"नाई म्हणतात."

"आपल्याकडचे लोक जानेवारी-फेब्रुवारीत तेलंगणात कशाला जातात, काका?"

मी कपाळावर हात मारला. मिरची तोडायला! अहो, मीच तर त्यांना नेत होतो! भाताची कापणी झाली की गाडीच्या टपावर गाठोडी, बायांच्या कडेवर लेकरं, तीन महिने मिरचीच्या वावरात राहायचं. लेकरं तिथल्या लेकरांत खेळता खेळता महिन्याभरात फाडफाड तेलगू बोलायची आणि परतीच्या गाडीत मला शिकवायची. माझं अर्धं तेलगू त्याच लेकरांचं आहे. आणि धुरी कशाची? मिरचीची! तो बाबा पोरीला त्याच वावरात नेऊन सोडत होता आणि वरून भूत सापडलं म्हणून आरती ओवाळून घेत होता.

"मग मी तिले घेऊन येतो," मी उठलो.

"तिला एकटीला नका आणू. सगळ्यांना आणा. आई, वडील, भाऊ, वहिनी, लेकरूसुद्धा."

"आजारी एक, अन् बोलावणं सगळ्या घराले?"

"फिट तिला येते काका, पण जे बोललं गेलं नाही ते सगळ्या घराचं आहे. ते सगळ्यांनी मिळूनच बोलावं लागेल. आणि एक लक्षात ठेवा, आईला विचारायचं तर एकटीला विचारा. चारचौघांत नको."

एकटीला विचारायचं काम माझं नव्हतं, मला मोठ्यानंच बोलता येतं. ते सत्यशीलानं केलं. त्याच संध्याकाळी आशाबाईंना हळदीचं रोप द्यायच्या निमित्तानं घरी बोलावलं. जास्वंदीच्या दोन पाकळ्या तिनं सुरीवर खसाखसा चोळल्या, सुरी वाळू दिली आणि आशाबाईंच्या समोर लिंबू कापलं. लाल रस गळला.

"पाह्य वो आशाबाई, माया घरातही भूत हाये का मग?"

आशाबाई त्या लिंबाकडं बघत राहिल्या. सत्यशीलानं त्यांना मिरचीचं काही विचारलं नाही, तम्मुडूचंही नाही. फक्त म्हणाली, "पोरगी पाणी मागते, आशाबाई. तुले समजत असन तं दे."

आशाबाई पदरानं तोंड दाबून उठून गेल्या.

मंगळवार उजाडला. मागच्या वेळेपेक्षा दुप्पट गर्दी. मठात न्यायची जीप दारात उभी, तिच्या मागच्या सीटवर साखळी. मिलमधून तांदूळ न्यायला तेलंगणातला एक ट्रक आला होता, त्याचा ड्रायव्हरही टायरवर पाय ठेवून बघत होता. या वेळी मी कुंपण ओलांडलं.

"महाराज," मी हात जोडले, "तुमाले तेलगू येते ना?"

"आम्हाला पशुपक्ष्यांचीसुद्धा भाषा येते!"

"मग मायावर किरपा करा. मलेही रात्री एक भूत येते अन् तेलगूत बोलते. काय म्हणते, मले समजत नाई."

"बोल, काय म्हणतं?"

मी दोन्ही डोळे मिटले, अंग घुमवलं आणि बसमधल्या आवाजात सुरू केलं, "वेनक्की जरगंडी! तोंदरगा दिगंडी! तोंदरगा, तोंदरगा!"

बाबांनी गॉगल सावरला. थोडा वेळ आकाशाकडं पाहिलं.

"तोंड!" ते म्हणाले. "तोंड मागते आहे! काळ्या बकऱ्याचं तोंड! मुंडकं दे त्याला, शांत होईल!"

ट्रकच्या टायरपाशी ड्रायव्हर असा हसला, की बसायलाच लागला. "अरे महाराज, क्या मुंडी! वो तो बोला, पीछे सरको, जल्दी उतरो! बस का कंडक्टर ऐसा बोलता!"

अंगणात आधी एकजण हसला, मग दहा, मग सगळे. चेल्यालाही हसू आलं होतं, त्यानं तोंडावर गमछा धरला. मी म्हटलं, "नीळ्ळू ऐकलं तं निळं लुगडं, तोंदरगा ऐकलं तं तोंड. उद्या कोणी पप्पु म्हटलं तं हे पप्पू नावाचं पोरगं उचलून नेतीन. तेलगूत पप्पु म्हणजे वरण, बाप्पा!"

बाबा संतापले. "भूत पोरीच्या अंगात आहे, या म्हाताऱ्याच्या नाही! आत्ता दाखवतो!" आणि दोन ओंजळी मिरच्या त्यांनी एकदम शेगडीत टाकल्या.

धुराचा लोट उठला. लोक मागं पळाले. दिव्यानीला दोघींनी धरून ठेवलं होतं, ती जागच्या जागी कोसळली. हसणं बंद झालं. डफडं नव्हतं, या वेळी तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"अक्का, नीळ्ळू इव्वू... तम्मुडू लेवट्लेदू..."

आणि आशाबाई उठल्या. गुणवंतरावांनी त्यांचा हात धरला, "आशे, बस खाली." आयुष्यभर बसल्या होत्या त्या, नवऱ्यानं बस म्हटलं की. त्या दिवशी हात झटकला. हौदातून लोटा भरला आणि पहिला लोटा शेगडीवर ओतला. फस्स करून राख उडाली ती बाबांच्या काळ्या कुडत्यावर. दुसरा लोटा भरून घेऊन त्या पोरीजवळ बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"हे घे माय. नीळ्ळू. घे." लोटा तिच्या ओठाला लावला. "मले समजत होतं वो. पयल्या मंगळवारपासून समजत होतं. तू पाणी मागत होती अन् मी चूप बसली."

दिव्यानी प्यायली. पाणी हनुवटीवरून गळत होतं आणि ती पीतच होती.

"दसरू गेला माय," आशाबाई म्हणाल्या. त्या अंगणात ते नाव कोणी कधी ऐकलं नव्हतं. "तो तापानं गेला. तुयामुळं नाई गेला. तू सात वर्षाची होती."

दिव्यानीनं डोळे उघडले. आधी आईकडं पाहिलं, मग एवढ्या माणसांकडं, आणि मग मोठ्यानं रडायला लागली. तिच्या स्वतःच्या आवाजात, आपल्या भाषेत. मी सत्यशीलाकडं पाहिलं तर ती रडत होती. माझे डोळे मिरचीनं झोंबत होते, असं मी तिला नंतर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

धुरीबाबा तोवर जीपमध्ये बसले होते. पण प्रफुल्लनं जीपची किल्ली काढून घेतली आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार नोंदवली. ठाण्यात गॉगल काढायला लावल्यावर त्यांची नजर फौजदारावर पडली. फौजदार जळाला नाही.

पुढच्या सोमवारी माझ्या हिशेबानं एक अर्धं तिकीट धरून साडेपाच सवाऱ्या तालुक्याला गेल्या. तिथं काय झालं ते मी दिव्यानीच्या परवानगीनं सांगतो. तीच म्हणाली, "सांगा काका, नाही तं लोक म्हणतीन पाण्यानं भूत उतरलं अन् घरोघरी लोटे पूजतीन." खरं आहे. गावात दोघा-तिघांनी लोटे आणून दाखवलेही मला.

डॉक्टरीणबाईंनी खुर्च्या गोल मांडल्या आणि नियम सांगितला, एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मधे कोणी 'जाऊ दे ते' म्हणायचं नाही. गुणवंतराव दोनदा फोन आला म्हणून उठले. फोन घरी विसरला होता. तिसऱ्या वेळी बाईंनी त्यांना नुसतं "बसा काका" म्हटलं, आणि ते बसले.

आशाबाई बोलल्या. दसऱ्याला झालं म्हणून दसरू. चार महिन्यांचं लेकरू घेऊन मिरचीला गेलो. त्या दिवशी त्याचं अंग गरम होतं. "मी पोरीले म्हटलं, सावलीत याच्यापाशी बस, दोन ओळी तोडून येतो. दोन ओळी तोडल्यावर आणखीन दोन तोडल्या." तेवढं बारा वर्षं त्यांच्या छातीवर होतं.

दिव्यानी म्हणाली, "मले झोप लागली होती." जागी झाली तर भाऊ हलत नव्हता. ती वावराच्या मालकिणीकडं पळाली, पाणी दे म्हणून. तिला वाटत होतं पाणी पाजलं की उठेल. झोपली म्हणून भाऊ मेला, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं होतं.

प्रफुल्ल त्या वेळी गावी आजीपाशी होता, अकरा वर्षांचा. सगळे परत आले तेव्हा त्यानं विचारलं, दसरू कुठी हाये? बापानं थोबाडीत मारली. त्यानंतर त्या घरात तो प्रश्न कोणी विचारला नाही.

करिष्मा म्हणाली, "मले वाटे, हिले माया लेकराचा राग येते, म्हणून मुद्दाम खाली टाकते. मी हिच्याशी दोन महिने नीट बोलली नाई."

सगळ्यात शेवटी गुणवंतराव. धोतराचा सोगा मुडपत म्हणाले, "सकाळीच आशा म्हणत होती दवाखान्यात नेऊ. मी म्हटलं, दुपारून पाहू." मग ते बायकोकडं वळले. "तू एकदाही मले बोल लावला नाई. लावला असता तं बरं झालं असतं."

म्हणजे पाहा, एकाच लेकराच्या मरणाचा गुन्हा एकाच घरात तिघांनी आपापल्या अंगावर घेतला होता. आणि एकाच ताटात जेवूनही एकमेकांना सांगितला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताप मेंदूत गेला असावा. तुम्ही तिघंही त्याला जगवू पाहत होतात, मारलं कोणी नाही.

एका बैठकीत सगळं गोड झालं, असं समजू नका. दिव्यानीला नंतरही दोनदा फिट आली. पण तेव्हा काय करायचं ते घरच्यांना शिकवलं होतं. गर्दी करायची नाही, नाकात कांदा कोंबायचा नाही, जवळ बसून नाव घेऊन बोलत राहायचं. झोपेसाठी काही दिवस गोळ्याही होत्या. लेकरू हळूहळू तिच्या हातात द्यायला लागले, आधी करिष्मा शेजारी बसून, मग दारात उभी राहून, मग चूल पेटवता पेटवता. निळ्या लुगड्याची प्रफुल्लनं आड्याला झोळी बांधली. लेकरू त्यात मस्त झोपतं. एवढा उपयोग त्या लुगड्याचा झाला.

आता मला जे सांगायचं आहे ते सरळ सांगतो, कारण मी काही लेखक नव्हे. घरातलं माणूस वेगळं वागायला लागलं, कोसळायला लागलं, कोणाचे आवाज ऐकू येतात म्हणायला लागलं, तर त्याचा अर्थ विचारायला बाबाकडं जाऊ नका. त्याला अर्थ माहीत नसतो, तो आवाजावर आवाज जुळवतो. आणि माझ्यासारखं 'नाटक' म्हणून मोकळेही होऊ नका. दवाखान्यात जा. काही आजारांना वर्षानुवर्षं गोळ्या लागतात, त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. काहींना बोलणं जास्त लागतं. आणि आजारी माणसाला एकट्याला पाठवू नका, सगळं घर जा. एस.टी.त जागा असते.

या दसऱ्याला मी पांढरा सदरा घालून निघालो होतो. आमचा तो धम्मचक्राचा दिवस, नागपूरची गाडी धरायची होती. फाटकापाशी पाहतो तर गुणवंतराव. मागं आशाबाई, प्रफुल्ल, करिष्मा, आणि कडेवर लेकरू घेतलेली दिव्यानी. बारा वर्षांत पहिल्यांदा तो माणूस आपट्याची पानं घेऊन दाराबाहेर पडला होता.

त्यांनी पानं माझ्या हातात दिली. एवढंच म्हणाले, "आमच्या दसरूचा आज वाढदिवस हाये, भाऊ."

मी त्यांना मिठी मारली. कंजूस म्हणत होतो मी या माणसाला.

दिव्यानीनं लेकरू आईकडं दिलं आणि पिशवीतून थंड पाण्याची बाटली काढून माझ्यापुढं धरली.

"रस्त्यानं ऊन हाये काका," ती हसून म्हणाली. "नीळ्ळू घेऊन जा."